लग्नाच्या अल्बमात आम्ही दोघं सोडून सगळे

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात कुणाची पोरगी परदेशातल्या मुलाला द्यायची ठरली, की मी गावी आल्यावर माणसं अजूनही माझ्याकडं सल्ला विचारायला येतात. पासपोर्टच्या झेरॉक्स पिशवीत घालून आणतात आणि माझ्यासमोर असे बसतात, जसा काय व्हिसाचा शिक्का माझ्याच कपाटात आहे. मी चहा टाकते आणि पहिला प्रश्न विचारते, "फोटोग्राफर कोण सांगितलाय?" मग ती एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. बाईला विचारतोय काय आणि बाई बोलतीय काय, असं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं असतं. असू दे लिहिलेलं. मी जे भोगलंय ते माझं मला माहीत.

माझं लग्न नव्वदच्या दशकाच्या अखेरचं. कॉम्प्युटर शिकलेली पोरं तेव्हा भराभरा अमेरिकेला चालली होती. नवरा शिरूरचा. त्याचं घर आमच्यासारखंच, दोन पिढ्यांमागं मेंढरं घेऊन हिंडणारं आणि आता ऊस लावून एका जागी बसलेलं. माझं माहेर पाटसच्या अलीकडं. तो थोड्या दिवसांची सुट्टी काढून आला, एका रविवारी मला बघून गेला आणि पुढच्या आठवड्यात लग्न उभं राहिलं. बघायला आला तेव्हा मी खाली मान घालून चहा दिला, त्यानं खाली मान घालून चहा प्याला. एवढीच आमची ओळख.

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्या वर्षी तालुक्यातल्या एका निवडणुकीत पॅनेलमध्ये शिरायचं होतं. त्यामुळं लग्न माझं आणि प्रचार आप्पांचा, असा सगळा मामला. फोटोग्राफर दौंडचा, स्टेशनजवळ त्याचा स्टुडिओ. आप्पांनी त्याला हळदीच्या दिवशीच बाजूला घेऊन बजावलं, "हे बघ, नवरा-नवरी काय, घरचीच हायत, कुठं पळून जात न्हाईत. पन एकबी पुढारी सुटता कामा न्हाई. एकाचा फोटो निघाला आन् दुसऱ्याचा राहिला, तर तो माणूस मरस्तोवर इसरत न्हाई." फोटोग्राफरनं मान हलवली. तो शब्दाला पक्का निघाला, हेच माझं दुर्दैव.

लग्न मे महिन्यातलं, भर दुपारचं, नांगरून सपाट केलेल्या रानात. वर मांडव होता, पण त्याला भोकं होती, आणि खाली अंथरलेली ताडपत्री इतकी तापलेली की तिच्यावर भाकरी भाजली असती. नवऱ्याचे जोडे माझ्या चुलत बहिणींनी केव्हाच पळवले होते आणि मी तर नवरी, अनवाणीच. हातात हार घेऊन आम्ही दोघं उभे, आणि आमच्या पुढं माईक. माईकवर सत्कार चाललेले. अमक्यांना फेटा, शाल, श्रीफळ. तमक्यांना फेटा, शाल, श्रीफळ. आमच्याकडं ही रीतच आहे. मुहूर्त टळला तर भटजी काहीतरी मार्ग काढतात, सत्कार टळला तर कुणालाच मार्ग काढता येत नाही.

शेवटी पंचायत समितीचे सभापती उठले. त्यांनी नवदांपत्याला एका वाक्यात आशीर्वाद दिला आणि लगेच कालव्यावर आले. कालवा कुठून निघाला, कुणी अडवला, कुठल्या शिवारात मुरला, सगळं. भटजी खाकरले. सभापतींनी कुणालातरी सांगून त्यांना प्यायला पाणी देववलं आणि पुढं बोलायला लागले. फोटोग्राफर ह्या बाजूनं, त्या बाजूनं, उकिडवा बसून, खुर्चीवर चढून त्यांचे फोटो घेत होता.

त्यानंतर कुठं आमच्या डोक्यावर अक्षता पडल्या. मग जोडीचे फोटो. "जवळ या. अजून जवळ. ताई, हसा की जरा." मी लाजून मेले, पण हसले. तोही हसला असावा, मी काही वर बघितलं नाही. फ्लॅशवर फ्लॅश पडले. पुढं कळलं की त्या फ्लॅशमागं रोलच नव्हता. रोल सभापतींच्या कालव्यातच संपला होता, आणि आमचं मन मोडायला नको म्हणून तो पठ्ठ्या नुसते फ्लॅश मारत होता. व्हिडिओवालाही सांगितला होता, पण तो आयत्या वेळी आमच्यापेक्षा मोठ्या लग्नाला पळाला.

सासरी शिरूरला आले तर घर पाहुण्यांनी गच्च. हळद उतरेपर्यंत नवरा-नवरी वेगळे. मग जागरण-गोंधळ होईपर्यंत वेगळे. मग जेजुरीला जाऊन येईपर्यंत वेगळे. जेजुरीला गेलो तर बरोबर दोन जीप माणसं आणि कॅमेरा घरी राहिलेला. हे सगळं उरकेपर्यंत नवऱ्याची सुट्टी उरकली. त्या दिवसांतली मला लख्ख आठवणारी गोष्ट म्हणजे उपरण्याची कटकट. त्याचं लग्नातलं उपरणं जरीकाठी, सासूबाईंच्या भावानं हौसेनं आणलेलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी ते धुवायला काढलं आणि बघतात तर मातीनं, हळदीनं बरबटलेलं, काठाला फाटलेलं. "हे तुडवलं कुणी?" त्यांनी भर ओसरीत विचारलं. नवरा म्हणाला, "गर्दीत पडलं असंल." त्यावर त्यांनी त्याला पाहुण्यांदेखत चांगला झाडला. मी खाली मान घालून भांडी पुसत होते. मग तो गेला.

त्याच्या पाठोपाठ माझ्या व्हिसाचं सुरू झालं. तिकडं नोकरी करणाऱ्याच्या बायकोला जाता येतं, पण ती खरोखर बायको आहे हे दाखवावं लागतं. आता ह्यात दाखवायचं काय, असं आम्हाला वाटलं. सगळा तालुका जेवून गेला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. फोन बाहेरच्या खोलीत, आणि तो वाजला की सगळं घर त्याच्याभोवती बसायचं. "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "हो." मग फोन आत्याबाईंकडं.

खरं सांगू का, दोन-तीन महिन्यांत मला त्याचा चेहरा आठवेनासा झाला. घरात त्याचा एकच फोटो, कॉलेजातला, भल्या मोठ्या मिशीचा, आणि मिशी तर त्यानं केव्हाच काढलेली. पासपोर्टच्या झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन. मी मनातल्या मनात त्याचं नाक बसवायला जायची तर हनुवटी सटकायची. आपण चाललोय कुणाकडं? हा माणूस आपला आहे हे व्हिसावाल्यांना सांगायचंय, पण आपलं आपल्याला तरी ठाऊक आहे का? हे बोलणार कुणाजवळ. आणि व्हिसा नाही झाला तर त्याची पुढची सुट्टी पार दोन वर्षांनी. शेजारणी आत्ताच विचारायला लागल्या होत्या, पोरगं हिला नेणार हाय का न्हाई.

मुंबईला अमेरिकन वकिलातीत पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडं लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या नोकरीचे कागद आणि आप्पांनी लाल कापडात बांधून दिलेला अल्बम होता. खिडकीपलीकडं एक तरुण गोरा साहेब आणि शेजारी मराठी बोलणाऱ्या दुभाषी बाई. साहेब सभ्य होता. त्यानं कागद बघितले, मान हलवली आणि लग्नाचे फोटो मागितले. मी अल्बम सरकवला. पहिल्याच पानावर सभापती.

"हे तुमचे पती?" बाईंनी विचारलं.

"नाही. हे सभापती."

पान उलटलं. "मग हे?"

"हे माजी सभापती."

"आणि हे?"

"हे उपसभापती. मागच्या टर्मला पडले."

साहेब पानं उलटत गेला. फेटे, शाली, नारळ. नारळ, शाली, फेटे. त्यानं बाईंना काहीतरी विचारलं. बाई जरा अडखळल्या. "साहेब विचारतायत, लग्न ह्यांच्यापैकी कुणाचं होतं?"

"माझं," मी म्हणाले.

"तुम्ही कुठं आहात?"

मी शोधायला लागले. एका फोटोत फेट्याच्या तुऱ्यामागं माझ्या मुंडावळीचं टोक होतं. दुसऱ्या एका फोटोत सभापतींच्या खांद्यावर एक कान होता, हळद लागलेला. मी त्याच्यावर बोट ठेवलं. "हे माझे मिस्टर."

साहेबानं वाकून कान बघितला. मग माझ्याकडं बघितलं, परत कानाकडं. तो हसला नाही, ह्याचं मला अजूनही कौतुक आहे. अल्बम आणि पासपोर्ट त्यानं परत दिला. बाईंनी समजावून सांगितलं की हा नकार नाही, पण तुम्ही दोघं एकत्र आहात असं काहीतरी दिसायला पाहिजे, ते घेऊन या.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आप्पा तापले. "आरं, सगळा तालुका साक्षीला होता. त्याला म्हनावं, ये आन् इचार कुणालाबी." मग त्यांनी दाखले गोळा करायला घेतले. सरपंचाचा, पोलीस पाटलाचा, सोसायटीच्या सेक्रेटरीचा, आणि प्रत्येकावर गोल शिक्का. गोल शिक्क्यावर आप्पांचा देवाइतका विश्वास. पोलीस पाटलांनी लिहून दिलं होतं की सदर विवाहात कोणताही अनुचित प्रकार घडलेला नाही. वाचून मला एवढा राग आला. उचित प्रकार तरी कुठं घडला होता?

फोटोग्राफरला बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं होतं. तो स्वतः एक फोटो करून घेऊन आला. माझा पासपोर्टचा फोटो आणि नवऱ्याचा मिशीवाला फोटो कापून त्यानं एका बदामात शेजारी शेजारी बसवले होते, मागं बर्फाचे डोंगर. नवऱ्याचं डोकं माझ्या दुप्पट झालं होतं. "असं मी सगळ्यांचंच करून देतो, ताई," तो म्हणाला. आप्पांना फोटो पसंत पडला. त्यांनी त्याच्यावर सरपंचाचा शिक्का मारून आणायचंही ठरवलं.

तिथं टीसीकाका मधे पडले. ते माझ्या आईचे चुलतभाऊ, रेल्वेतून टीसी म्हणून रिटायर झालेले, दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं राहायचे. जगातली सगळी कामं त्यांना तिकिटासारखी दिसायची. व्हिसा म्हंजी वेटिंग लिस्ट, असं त्यांचं ठाम मत, आणि चार्ट लागायच्या आत कोट्यातून काढून घ्यावा असा त्यांचा आग्रह. कुठला चार्ट आणि कसला कोटा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण बदामाचा फोटो बघून ते गंभीर झाले. "हे घिऊन जाऊ नकोस. बिनतिकिटाचा मानूस घावला तर मी दंड घिऊन सोडायचो. खोटं तिकीट दाखवनाऱ्याला कवा सोडलं न्हाई. आन् इचारतील तेवढंच बोल. न इचारता बोलतो त्याच्याकडं तिकीट नसतंय." लोकांना मी आज हा सल्ला जसाच्या तसा देते. कोट्याचा तेवढा गाळते.

आप्पांची पुढची युक्ती याहून थोर. माझा धाकटा दीर अंगानं नवऱ्यासारखाच होता. त्याला फेटा बांधायचा, मुंडावळ्या तोंडावर सोडायच्या, मला शालू नेसवायचा आणि त्याच रानात पुन्हा फोटो काढायचे. "तोंड कुणाला दिसतंय?" आप्पा म्हणाले. माझं डोकंच फिरलं. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "आप्पा, लग्नात माझ्या शेजारी उभं राहायला एकच माणूस होता, त्याचा फोटो तुम्ही काढू दिला नाहीत. आता त्याच्या जागी मी दुसरा उभा करणार नाही. नाही मिळाला व्हिसा तर नाही मिळाला." आणि मी रडायला लागले. आप्पा उठून गोठ्यात गेले ते जेवायलाच आले. त्यांच्याकडून पुन्हा ह्या युक्तीचं नाव निघालं नाही.

शेवटी हातात काय, तर तोच अल्बम. दुसऱ्या वेळी मुंबईला निघाले तर आप्पा म्हणाले, आम्ही येतो सोबतीला. आम्ही म्हणजे दोन जीप. पुढच्या जीपमध्ये खुद्द सभापती, कडक इस्त्रीत, आणि मागच्या जीपमध्ये फेट्याचं कापड, शाल आणि नारळ. बेत असा की साहेबाचा सत्कार करायचा. शिरूरपासून मुंबईपर्यंत मी कपाळाला हात लावून बसले. दारावरच्या गार्डनं नारळ हातात घेऊन हलवून बघितला आणि सांगितलं, हा आत जाणार नाही. आप्पा म्हणाले, "सभापती आल्यात." गार्ड म्हणाला, "त्यांना बोलवलंय का?" इतका साधा प्रश्न सभापतींना गेल्या दहा वर्षांत कुणी विचारला नसावा. ते फूटपाथवर बसले, आणि मी एकटी आत गेले.

नशिबानं खिडकीत तोच साहेब आणि त्याच बाई. मला बघून साहेबानं ओळखीची मान हलवली. "नवीन फोटो मिळाले?"

"नाही. काढलेच नव्हते."

टीसीकाकांचं ऐकून मी तेवढंच बोलले. साहेबानं अल्बम परत मागून घेतला आणि ह्या वेळी सावकाश बघायला लागला. एका पानावर तो थांबला. सभापती माईकपुढं, एक हात कालव्याच्या दिशेनं. मी तो फोटो कितीदा बघितला होता. त्यांच्या मागं आम्ही उभे होतो, पण गुडघ्यापासून वर सगळं सभापतींनी झाकलेलं. साहेबानं बोट खाली नेलं, पार खाली, धोतराच्या काठाखाली.

"साहेब विचारतायत," बाई म्हणाल्या, "हे कुणाचे पाय?"

मी बघितलं. ताडपत्रीवर घडी घातलेलं जरीकाठी उपरणं, आणि त्याच्यावर चार अनवाणी पाय, हळदीनं पिवळे, एकमेकांना चिकटलेले. रुमालाएवढ्या जागेत चार पाय मावत नाहीत, म्हणून माझी एक टाच त्याच्या पायावर चढलेली.

"हे माझे. हे ह्यांचे."

"चेहरा दिसत नाही. तुम्ही कशावरून सांगता?"

माझा बांध फुटला. मी म्हणाले, "बाई, नवरीनं मान वर करायची नसते. सगळं लग्न मी खाली बघत होते. मला ह्यांचे पायच पाठ आहेत. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलंय, लहानपणी पाण्याची मोटर पायावर पडली होती. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. बघा, दिसतंय का." साहेबानं भिंग आणवलं. दिसत होतं.

"एका कापडावर का उभे आहात?"

मग मी कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. ताडपत्री तापली होती. माझे तळवे भाजत होते आणि मी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होते. सभापतींचं भाषण संपेना. ह्यांनी माझ्याकडं न बघता खांद्यावरचं उपरणं खाली सोडलं, पायानंच त्याची घडी केली आणि माझ्याकडं सरकवलं. मी त्याच्यावर उभी राहिले. मग ह्यांचेही पाय भाजायला लागले, म्हणून मी बाजूला सरकले. तेव्हा ते मला पहिलं वाक्य बोलले. "कालवा आत्ता कुठं पाटसपर्यंत आलाय. आपल्या मांडवात यायला अजून टाइम हाय. नीट उभी ऱ्हा." आणि मला असं हसू फुटलं की हार तोंडावर धरावा लागला.

बाई साहेबाला हे सांगता सांगता मधेच थांबल्या. कालव्यापाशी त्यांनाच हसू आवरेना. साहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाषण किती वेळ चाललं?"

"ते अजून चालूच असेल," मी म्हणाले.

न विचारता बोलायचं नाही हे मी विसरलेच होते. पण साहेब मोठ्यानं हसला. त्यानं माझा पासपोर्ट उचलला आणि स्वतःकडं ठेवून घेतला. पासपोर्ट परत दिला नाही म्हणजे व्हिसा मिळाला, हे मला ठाऊक नव्हतं. मी हात पुढं करून तशीच उभी. बाईंनीच सांगितलं, "जा आता. सामान बांधा."

बाहेर आले तर दारावरचा गार्ड फेटा बांधून उभा. आणलेला फेटा परत न्यायचा कसा, म्हणून सभापतींनी त्याचाच सत्कार उरकून टाकला होता. आप्पा धावत आले. "कुणाच्या शब्दानं झालं?" सभापतींनीही कान टवकारले. मी वाकून सभापतींच्या पाया पडले आणि म्हणाले, "आबा, तुमच्या भाषणानं झालं." हे अगदी खरं होतं. पुढच्या प्रत्येक लग्नात त्यांनी ही गोष्ट माईकवरून सांगितली.

शिरूरला आल्यावर मी फोटो काढून आत्याबाईंपुढं ठेवला आणि म्हणाले, "उपरणं आम्ही तुडवलं. गर्दीत पडलं नव्हतं." त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता माझी पाळी. त्यांनी फोटो मला परत दिला आणि चष्मा काढून ठेवला. निघायच्या दिवशी मात्र त्यांनी ते उपरणं, डागासकट, फाटलेल्या काठासकट, माझ्या पिशवीत कोंबलं. "घिऊन जा. तिकडं फरशी गार असती म्हनत्यात." पदर डोळ्यांना लावून त्या आत गेल्या. मला त्यांची तेव्हा इतकी माया आली की जायचंच नको वाटलं.

त्याआधी एकदा माहेरी गेले होते, तेव्हा दौंड स्टेशनजवळच्या एसटीडी बूथमधून मी त्याला पहिल्यांदा स्वतःहून फोन लावला. दार लावून घेतलं, भोवती कुणी नाही. पायांची हकिगत सांगितली. तो हसला. मग मी मनाचा हिय्या करून म्हणाले, "मला तुमचं तोंड नीट आठवत नाही. विमानतळावर ओळखू कशी?"

मग तो म्हणाला, "मला पण तुझं न्हाई आठवत. तू मान वर केलीसच कवा? मला फक्त तुझा भांग आठवतो. जरा डावीकडं वाकडा हाय." मला एवढं हलकं वाटलं की बूथवाला खिडकीवर टकटक करायला लागला तरी मी हसतच होते.

तिकडं उतरले. बाहेरच्या कठड्यापाशी ही गर्दी. कोट, टोप्या, हातात पाट्या. मी सवयीनं खाली बघितलं तर सगळ्यांच्या पायांत बूट. एवढं सगळं करून आले आणि आता आपला माणूस कुठला, हे कळायला मार्ग नाही. तेवढ्यात गर्दीतून एक जण पुढं आला, माझ्यासमोर खाली बसला आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला लागला. मोजा काढला. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

मी खात्री करायला वाकले. माझा भांग त्याच्या डोळ्यांपुढं आला.

"हां, हीच," तो म्हणाला.

फरशी खरंच गार होती. मी पिशवीतून उपरणं काढलं, त्याच्या उघड्या पायाखाली अंथरलं, चप्पल काढली आणि दुसऱ्या कोपऱ्यावर उभी राहिले. मग सावकाश मान वर करून मी नवऱ्याचं तोंड बघितलं. नाक मी मनात बसवलं होतं त्यापेक्षा बरंच मोठं निघालं, आणि मला ते फार आवडलं.